आतित्लानच्या काठावरची गावे

ग्वाटेमालातील आतित्लान सरोवराच्या काठावर डझनभर गावे आहेत, आणि त्यांतली चार-पाच एका दिवसात दाखवून परत आणण्याची सोय पानाहाचेल गावाच्या धक्क्यावर सहज होते. बोटवाला प्रत्येक गावात तासभर थांबतो, तेवढ्यात एक चर्च, एक विणकामाचे दुकान आणि एक कॉफीचा पेला होतो, आणि संध्याकाळी प्रवासी सगळी गावे सारखीच असल्याचे सांगत परततो. आमच्या निवासात भेटलेल्या कितीतरी प्रवाशांचा अनुभव असाच होता. माझे मत अगदी उलट आहे. इतक्या जवळजवळ वसलेली आणि तरीही एकमेकांपासून इतकी वेगळी असलेली गावे मी इतरत्र पाहिलेली नाहीत. मात्र हा फरक लक्षात येण्यासाठी एखाद्या गावात मुक्काम करावा लागतो आणि सरोवराची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

ह्यूस्टनला मुलाकडे गेलो असताना आम्ही दोघांनी हा प्रवास केला. माझे आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे मला पहिली ओढ सरोवराचीच होती. सुमारे ७५ ते ८४ हजार वर्षांपूर्वी येथे एक महाप्रचंड उद्रेक झाला आणि त्याची राख फ्लोरिडापासून इक्वेडोरपर्यंत पसरली. भूगर्भातील शिलारसाचे कोठार रिकामे झाल्यावर वरची जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठत गेले. आपल्याकडे विवराच्या आकाराचे सरोवर म्हटले की लोणार आठवते. पण लोणार उल्केच्या आघाताने झाले आहे, आतित्लान जमीन खचून झाले आहे, आणि आकारमानात तर तुलनाच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर असलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ अंदाजे १३० चौरस किलोमीटर असून खोली काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक आहे. दक्षिणेकडे नंतरच्या काळात तीन ज्वालामुखी उभे राहिले: आतित्लान, तोलिमान आणि सान पेद्रो. तिन्ही ३,००० मीटरहून उंच आहेत. त्यांपैकी आतित्लानचा शेवटचा उद्रेक १८५३ साली झाला.

या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की, सरोवरातून बाहेर पडणारी एकही नदी नाही. ओढे-नद्या आत येतात. पाणी बाहेर जाते ते वाफ होऊन किंवा तळाच्या भेगांतून झिरपून. ४ फेब्रुवारी १९७६ रोजी झालेल्या भूकंपात, ज्यात देशभरात सुमारे २३ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तळाला नवे तडे गेले आणि महिन्याभरात पाण्याची पातळी दोन मीटरने उतरली. उलट २०१० च्या वादळी पावसानंतर पातळी वर्षानुवर्षे चढत राहिली आणि काठावर बांधलेली घरे, उपाहारगृहे व धक्के पाण्याखाली गेले. याच नावाच्या ज्वालामुखीजवळच्या सान पेद्रो गावाच्या किनाऱ्यावर आजही अर्धवट बुडालेल्या भिंती आणि पाण्यातून डोकावणारे खांब दिसतात. नवे प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात आणि गावातली वयस्क माणसे मात्र सांगतात, की पाणी पुन्हा आपल्या जागेवर आले आहे, घरे बांधणाऱ्यांनाच त्याची जागा ठाऊक नव्हती.

काठावरच्या प्रवासाचे साधन म्हणजे लांचा, म्हणजे मोटर लावलेली छपराची लांबट होडी. ती वेळापत्रकाने सुटत नाही, भरली की सुटते. सकाळी पाणी आरशासारखे शांत असते. दुपारनंतर, दक्षिणेकडील उष्ण किनारपट्टीवरून येणारी हवा डोंगरावरच्या थंड हवेला भिडली की, शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि मग तीच होडी लाटांवर आपटत जाते. पुढच्या बाकावर बसलेल्यांच्या पाठीचे हाल होतात आणि मागे बसलेले भिजतात. स्थानिक माणसे मागे बसून प्लॅस्टिकचा कागद अंगावर ओढून घेतात, यावरून काय निवडावे ते समजावे. परदेशी माणसाला स्थानिकांपेक्षा जास्त भाडे सांगितले जाते, यावरून अनेक प्रवासी धक्क्यावर हुज्जत घालताना दिसतात. बाजारातून कोबीची पोती घेऊन परतणाऱ्या बाईने आणि विमानाने आलेल्या आपण एकच भाडे द्यावे, हा आग्रह मला पटत नाही. नेमके भाडे आपल्या निवासात विचारून ठेवावे, उतरताना तेवढे पैसे हातात द्यावेत, विषय संपतो.

पानाहाचेलविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बसगाड्या तेथे येतात, बँका आणि औषधाची दुकाने तेथे आहेत, आणि मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कापडाची दुकाने आहेत. पूर्वेकडील सांता कातारिना पालोपो मात्र पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या सुमारास काक्चिकेल या माया समाजाच्या या गावाने आपली घरे रंगवण्याचा उपक्रम हाती घेतला आणि भिंतींवर निळ्या-जांभळ्या रंगांत ज्या नक्षी काढल्या, त्या तेथील स्त्रियांच्या विणलेल्या पोलक्यांवरून, म्हणजे उइपिलवरून घेतल्या. त्याच रस्त्याने पुढे सान अंतोनिओ पालोपो लागते. तेथे डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे कांद्याचे वाफे आहेत आणि बायका कांद्याच्या जुड्या बांधत बसलेल्या असतात. काही वयस्क पुरुष अजूनही कमरेभोवती लोकरीचे आखूड वस्त्र गुंडाळतात. दोन्ही गावे शेजारी असूनही त्यांचे पोशाख निराळे आहेत, आणि काठावरच्या माणसाला समोरची बाई कोणत्या गावची आहे हे तिच्या पोलक्यावरून कळते.

गावांतून फिरायला टुकटुक असतात. सान पेद्रोच्या चढावर पहिली टुकटुक थांबली तेव्हा मागच्या बाजूला ‘बजाज’ अशी अक्षरे पाहून आमच्या ह्यांनी चालकाला, ही आमच्या राज्यातली गाडी आहे, असे मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. ते काही खोटे नव्हते, कारण बजाजच्या तीनचाकी वाळूजच्या कारखान्यात तयार होतात. चालकाने त्यावर अत्यंत व्यावहारिक प्रश्न विचारला: तेथे सुटे भाग किती स्वस्त मिळतात? ग्वाटेमालाच्या डोंगराळ गावांतील अरुंद फरसबंदी गल्ल्यांत ही गाडी इतकी रुळली आहे की, ती बाहेरून आलेली आहे हे तेथे कोणाच्या मनातही येत नाही.

सान पेद्रो ला लागुना हे तरुण प्रवाशांचे गाव. स्वस्त निवास, स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी उपाहारगृहे ही सगळी खालच्या किनाऱ्यालगत आहेत. चढ चढून वर गेले की त्सुतुहिल या दुसऱ्या माया समाजाचे मूळ गाव लागते. तेथे भिंतीभिंतींवर बायबलची वचने रंगवलेली आहेत आणि संध्याकाळी प्रोटेस्टंट प्रार्थनामंदिरांतून ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असतात. खालचे आणि वरचे गाव एकमेकांच्या आवाजाबद्दल तक्रार करतात, असे आम्हाला दोन्हीकडे ऐकायला मिळाले. स्पॅनिश शिकण्याची पद्धत मात्र उत्तम आहे: एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, बागेतल्या टेबलावर, आणि इच्छा असल्यास स्थानिक कुटुंबात राहण्याची सोय. अशा कुटुंबात राहिलेल्या एका नागपूरच्या मुलीने सांगितले की, घरातली आजी तिच्याशी त्सुतुहिलमध्ये बोलत असे, नात ते स्पॅनिशमध्ये सांगत असे, आणि तिला दोन्ही कळत नसताना जेवण मात्र वेळेवर मिळत असे.

जेवणाविषयी शाकाहारी मंडळींना थोडे सांगितले पाहिजे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून, त्या पिठाच्या तोर्तिया दोन्ही तळव्यांत थापतात. तो थापण्याचा आवाज दुपारच्या वेळी गल्लीगल्लीत ऐकू येतो आणि भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. सोबत काळ्या घेवड्याची उसळ किंवा तिचा घट्ट लगदा असतो. अडचण अशी की, त्यात पुष्कळदा डुकराची चरबी घातलेली असते, आणि ‘मांस नको’ एवढे म्हटल्याने चरबी टळत नाही. ती स्वतंत्रपणे विचारावी लागते. बाजारात एवोकाडो, केळी, भाजलेली कणसे आणि रताळी भरपूर मिळत असल्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येत नाही.

सान पेद्रोच्या शेजारचे सान हुआन ला लागुना हे गेल्या काही वर्षांत फार गाजले. रंगीत छत्र्या टांगलेली गल्ली आणि भित्तिचित्रे यांमुळे दुपारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. परंतु चारनंतर बोटींची गर्दी ओसरली की, तेथल्या विणकर स्त्रियांच्या सहकारी संस्थांमध्ये निवांत बसता येते. ज्या मागावर त्या विणतात त्याला चौकट नसते. उभ्या धाग्यांचे एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधतात आणि दुसरे टोक एका पट्ट्याने विणणारीच्या कमरेमागे अडकवतात. ती मागे रेलली की धागे ताणले जातात, पुढे झुकली की सैल पडतात. म्हणजे कापडाचा ताण तिच्या पाठीवर तोललेला असतो. त्यामुळे कापडाची रुंदी तिच्या हातांच्या आवाक्याबाहेर जात नाही, आणि रुंद वस्त्र हवे असेल तर पट्टे जोडावे लागतात. रंगांसाठी नीळ, शेंदरीच्या बिया, झाडांच्या साली, गाजर आणि निवडुंगावर वाढणारा कोचिनियल किडा वापरतात. हा किडा तळहातावर चिरडला की गडद किरमिजी रंग येतो, आणि त्याच रंगावर लिंबाचा थेंब पडला की तो नारिंगीकडे झुकतो. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या बाईंनी माझ्याच तळहातावर हा प्रयोग केला. मला सर्वांत आवडले ते तपकिरी कापसाचे सूत. तो कापूस मुळातच त्या रंगाचा उगवतो, रंगवावा लागत नाही.

विक्रीच्या वस्तूंवर विणणारीचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. मी घेतलेल्या शालीची किंमत पानाहाचेलच्या रस्त्यावरील शालींपेक्षा बरीच जास्त होती, आणि घासाघीस करणाऱ्या एका पर्यटकाला तेथल्या बाईंनी अतिशय शांतपणे किती दिवस लागले ते सांगून वस्तू पुन्हा घडीवर ठेवली. रस्त्यावरच्या मालात यंत्रावर विणलेला मालही मिसळलेला असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सान मार्कोस ला लागुनाला भारतीय माणसाने एकदा तरी जावे, ते करमणुकीसाठी. किनाऱ्याजवळच्या सावलीतल्या पायवाटांवर योग, ध्यान, ऊर्जोपचार आणि कोकोचे विधी यांच्या पाट्या दाटीने लावलेल्या आहेत. आम्ही भारतातून आलो आहोत हे कळताच एका तरुणाने माझ्या पतीला प्राणायामाविषयी इतक्या आदराने प्रश्न विचारले की, आयुष्यभर वीज मंडळात काम केलेल्या माणसाची त्रेधा उडाली. परंतु गंमत तेथेच संपते. या गावात काठाची जमीन मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेल्यांकडे गेली असून काक्चिकेल वस्ती वरच्या अंगाला आहे. सकाळी वरून खाली येणारी माणसे ही बहुधा स्वयंपाकी, गवंडी आणि सफाई कामगार असतात. येथून पूर्वेकडे त्सुनुना, हाइबालितो आणि सांता क्रूसपर्यंत डोंगराच्या कडेने पायवाट जाते. हाइबालितोला गाडीरस्ता नाही. चालत किंवा होडीनेच पोहोचावे लागते. वाट विलक्षण सुंदर आहे, पण तेथे प्रवाशांना लुटल्याच्या घटना घडलेल्या असल्यामुळे स्थानिक वाटाड्या घेऊनच जावे, असा सल्ला प्रत्येकाने दिला आणि आम्ही तो पाळला.

आमचा सर्वांत मोठा मुक्काम सान्तियागो आतित्लान येथे झाला, आणि पुन्हा गेलो तरी तेथेच राहू. तोलिमान आणि सान पेद्रो या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खाडीवर वसलेले हे त्सुतुहिलांचे सर्वांत मोठे गाव. शुक्रवारच्या बाजारात स्त्रियांच्या पोलक्यांवर भरतकामातले पक्षी दिसतात, आणि काही वृद्धांच्या डोक्याभोवती लाल रंगाची लांबच लांब पट्टी चकतीसारखी गुंडाळलेली दिसते. तशी पट्टी बांधलेली स्त्री ग्वाटेमालाच्या २५ सेंतावोच्या नाण्यावर आहे. तो चेहरा याच गावच्या कोन्सेप्सिओन रामिरेस यांचा. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

गावात माशिमोन नावाचे एक दैवत आहे. लाकडी मूर्ती, डोक्यावर टोपी, गळ्यात रंगीबेरंगी रेशमी रुमालांचा ढीग, तोंडात सिगार. ते चर्चमध्ये राहत नाही. कोफ्रादिया नावाच्या धार्मिक मंडळातील एका सदस्याच्या घरी राहते आणि दरवर्षी घर बदलते. भक्त त्याला दारू आणि तंबाखू अर्पण करतात, मेणबत्त्या लावतात आणि आजारपण, कर्ज, प्रेमप्रकरण असे सर्व प्रश्न त्याच्यासमोर मांडतात. धक्क्यावर उतरताच मुले तुम्हाला तेथे नेण्यास सरसावतात. दर्शनाचे आणि छायाचित्राचे पैसे वेगळे द्यावे लागतात. अनेक परदेशी प्रवाशांनी याला ‘पर्यटकांसाठीचा देखावा’ म्हटलेले मी ऐकले आहे. आम्ही गेलो तेव्हा एक मनुष्य गुडघ्यांवर बसून बराच वेळ रडत बोलत होता आणि आमच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. पैसे घेणे आणि श्रद्धा असणे या दोन गोष्टी एकाच खोलीत नांदू शकतात, हे आपल्याला तरी नव्याने सांगायला नको.

सोळाव्या शतकातील चर्चमध्ये गेल्यावर आधी लाकडी वेदीकडे पाहावे. विसाव्या शतकात तिची दुरुस्ती करणाऱ्या दोन स्थानिक कोरीवकाम करणाऱ्या भावांनी तिला पवित्र पर्वताचे रूप दिले आणि कडेने वर चढणाऱ्या त्सुतुहिल माणसांच्या आकृती कोरल्या. भिंतीलगतच्या संतांच्या मूर्तींना गावातल्या स्त्रिया कपडे शिवतात. याच चर्चमध्ये स्टॅन्ली रोदर या ओक्लाहोमाच्या धर्मगुरूंचे स्मारक आहे. १९६८ मध्ये ते येथे आले, येथली भाषा शिकले, आणि यादवी युद्धाच्या काळात आपले नाव मारेकऱ्यांच्या यादीत असल्याचे कळल्यावर मायदेशी जाऊनही परत आले. २८ जुलै १९८१ रोजी त्यांची निवासस्थानी हत्या झाली. त्यांचा देह ओक्लाहोमाला नेण्यात आला, परंतु हृदय गावकऱ्यांनी येथेच ठेवून घेतले. २०१७ मध्ये चर्चने त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले.

गावाच्या कडेला पानाबाह येथे दोन दुःखे शेजारी आहेत. २ डिसेंबर १९९० च्या पहाटे, सैनिकांच्या जुलमाचा जाब विचारण्यासाठी हजारो निःशस्त्र गावकरी तेथल्या लष्करी छावणीकडे गेले, सैन्याने गोळीबार केला आणि तेरा जण ठार झाले. त्यानंतर गावाने एकमुखाने सैन्य हटवण्याची मागणी केली आणि ते हटले. देशातील युद्ध संपायला १९९६ उजाडले. त्या जागी आता शांततेचे उद्यान आहे. आणि ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात डोंगरावरून आलेल्या चिखलाने पानाबाहची वस्ती गाडून टाकली, शेकडो माणसे गेली. बरेच मृतदेह काढणे अशक्य ठरले आणि तो भाग दफनभूमी म्हणून जाहीर करण्यात आला. टुकटुकचा चालक तेथून जाताना काही बोलला नाही, आम्हीही थांबायला सांगितले नाही.

आता पुन्हा पाण्याकडे वळते, कारण प्रवाशांचा या गावांशी खरा संबंध तेथे येतो. १९५८ मध्ये पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या पुढाकाराने हौशी मासेमारी करणाऱ्या पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी सरोवरात ब्लॅक बास हा परका मासा सोडण्यात आला. त्याने मूळचे लहान मासे आणि खेकडे फस्त केले, आणि फक्त या सरोवरात राहणाऱ्या, फारसे उडू न शकणाऱ्या ‘पोक’ या पाणपक्ष्याची पिल्लेही खाल्ली. अ‍ॅन लाबास्टील या अमेरिकी संशोधिकेने हा पक्षी वाचवण्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. तरीही १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो नामशेष झाला. २००९ मध्ये सांडपाण्यातील आणि खतांतील फॉस्फरसामुळे पाण्यावर सायनोबॅक्टेरिया या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांची तपकिरी-हिरवी साय पसरली आणि सरोवराचा मोठा भाग झाकला गेला. काठावरची काही गावे हेच पाणी उपसून पितात. कपडे धुणाऱ्या बायकांवर दोष टाकणे सोपे असते, पण हॉटेलांची न्हाणीघरे कोणी मोजत नाही. सर्व सांडपाणी एका मोठ्या नळाने खोऱ्याबाहेर नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा आमचे पाणी आम्हाला न विचारता बाहेर का नेता, असा प्रश्न करीत अनेक माया समाजगटांनी तिला विरोध केला. सान पेद्रोने मात्र २०१६ मध्ये स्वतःपुरता निर्णय घेऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि थर्माकोल बंद केले. आजही तेथे तोर्तिया कापडात गुंडाळून घेतात आणि खाटीक मांस रुंद पानात बांधून देतो.

निवास ठरवताना आम्ही मालकांना सांडपाणी कोठे जाते असे विचारत असू. बहुतेकांनी विषय बदलला. एका ठिकाणी मालकीण आम्हाला इमारतीमागे घेऊन गेल्या आणि टाक्या व त्यांवर वाढवलेली पाणवनस्पती दाखवली. आम्ही तेथेच राहिलो, जरी खोलीतून ज्वालामुखी दिसत नव्हता.

जायचे असल्यास नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ निवडावा. डोंगरउतारावर सावलीत वाढणारी कॉफी याच दिवसांत तोडली जाते आणि अंगणाअंगणात वाळत घातलेली असते. रात्री गरम कपडे लागतात. सान पेद्रोहून पानाहाचेलला येणारी शेवटची लांचा साधारणपणे संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते, त्यानंतर स्वतंत्र होडी करावी लागते आणि ती फार महाग पडते. परतीचा दिवस मंगळवार किंवा शुक्रवार येईल असे पाहावे, कारण वर डोंगरावरच्या सोलोला या गावी त्या दिवशी बाजार भरतो. तेथे पर्यटकांसाठी जवळजवळ काहीच विकायला नसते; गाजर, कोंबड्या, दोर आणि कांद्याच्या जुड्या असतात, आणि आजूबाजूच्या गावांची माणसे आपापल्या पोशाखात खरेदीला आलेली असतात.